गृहनिर्माण आणि वृक्षरक्षण : कुऱ्हाडीविना मरणारी झाडे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



व्याख्यानमालेत आरोग्य, शिक्षण, व्यवसाय आणि कुटुंबव्यवस्था अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. त्या मानाने माझा विषय लहान वाटेल. परंतु येत्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या दारात तो येऊन उभा राहणार आहे, म्हणून तो मुद्दाम निवडला.

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या बंगल्यांत आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहतात. त्या वास्तू आता जीर्ण झाल्या आहेत आणि पुनर्विकासाच्या बैठका ठिकठिकाणी सुरू आहेत. वाढीव क्षेत्र किती मिळणार, भाडे किती, वाहनतळ किती, विकसक कोण, यांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा होते. ती व्हायलाच हवी, कारण प्रश्न आयुष्यभराच्या पुंजीचा असतो. मात्र त्याच आवारात इमारतीइतक्याच वयाची झाडे उभी असतात. कोणी गावाहून आणलेली आंब्याची कोय रुजवलेली असते, कोणी कडुनिंब लावलेला असतो. बैठकीच्या इतिवृत्तात त्यांच्याविषयी बहुधा एकही ओळ नसते. ती एक ओळ कशी लिहावी आणि केव्हा लिहावी, एवढेच आज मला सांगायचे आहे.

बांधकामात झाडे जातात असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर कुऱ्हाड किंवा करवत येते. तोडलेले झाड सर्वांना दिसते. त्यासाठी परवानगी लागते, नोटीस लागते, हरकती येतात. परंतु ज्या झाडांना 'राखायची झाडे' म्हणून नकाशात हिरवे वर्तुळ मिळालेले असते, त्यांतील कितीतरी झाडेही पुढे मरतात आणि त्यांच्या मृत्यूची नोंद कोठेही होत नाही. इमारत पूर्ण होते, वास्तुशांती होते, सभासद राहायला येतात. दोन-चार पावसाळे जातात. मग एके वर्षी शेंड्याकडच्या फांद्यांना पालवी फुटत नाही. पुढच्या वर्षी वाळलेल्या फांद्या वाढतात. कोणी म्हणतो कीड लागली, कोणी म्हणतो वय झाले. वस्तुतः त्या झाडाचे मरण पाया खणला त्याच आठवड्यात ठरलेले असते. साठवलेल्या अन्नावर ते काही वर्षे तग धरते, इतकेच.

हे असे का होते, हे समजण्यासाठी मुळांविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. झाड वर जेवढे उंच, तेवढेच ते खाली खोल गेलेले असते, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात बहुतेक वृक्षांची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात. पाणी व अन्नद्रव्ये शोषणारी केसासारखी बारीक मुळे तर प्रामुख्याने वरच्या एक फुटात पसरलेली असतात. ती आडवी धावतात आणि पर्णसंभाराची कडही ओलांडून बरीच पुढे जातात. कारण सोपे आहे. मुळांनाही श्वासासाठी प्राणवायू लागतो आणि तो वरच्या थरात असतो. दख्खनच्या पठारावर तर मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ आहे. खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. येथे मुळांना खोल जाण्यास वावच कमी. म्हणून झाड म्हणजे केवळ खोड आणि फांद्या, असे मानून चालणार नाही. भोवतालची दहा-वीस पावले जमीनही त्या झाडाचाच भाग आहे.

ही गोष्ट ध्यानात आली की बांधकामाच्या जागेवर झाडाला इजा कशी होते, हे आपोआप उलगडते.

पहिली इजा मुळे तोडण्याची. पायासाठी, तळघरातील वाहनतळासाठी, ड्रेनेज लाइन किंवा वीजवाहिनीच्या चरासाठी पोकलेन आणि जेसीबी जमीन खणतात. बुंध्यालगत एका बाजूने सरळ चर गेला, तर त्या बाजूची जवळजवळ सर्व मुळे जातात. अन्न तर तुटतेच, शिवाय आधारही जातो. आपल्याकडे पावसाळी वारे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतात. त्या बाजूची मुळे दोरासारखी ताण सोसून झाड धरून ठेवतात. नेमकी तीच कापली गेली, तर हिरवेगार झाड पहिल्या मोठ्या वादळात मुळासकट आडवे होते, आणि तेव्हा त्याखाली कोण उभे असेल, हे कोणी सांगू शकत नाही.

दुसरी इजा दाबाची, आणि ती सर्वांत फसवी आहे. चांगल्या मातीत साधारण निम्मे आकारमान पोकळ्यांचे असते आणि त्या पोकळ्यांत हवा व पाणी खेळते. डंपर, सळ्यांनी भरलेले ट्रक, काँक्रीटचे मिक्सर यांच्या पहिल्या काही फेऱ्यांतच ही माती दाबून घट्ट होते. एकही मूळ तुटलेले दिसत नाही, पण झाड हळूहळू गुदमरू लागते. झाडाखाली सावली असते म्हणून विटा, वाळू, खडी आणि सिमेंटच्या गोण्या तेथेच रचल्या जातात. मजुरांच्या झोपड्याही तेथेच पडतात आणि चुली तेथेच पेटतात. त्या गरीब माणसांचा यात दोष नाही. त्यांना दुसरी सावली कोणी दिलेलीच नसते.

तिसरी इजा भरावाची. आवार उंच करण्यासाठी मुळांवर माती व राडारोडा टाकला जातो. अर्धा-पाऊण फुटाचा घट्ट भरावही मुळांपर्यंतची हवा कमी करतो, आणि बुंध्याला टेकलेल्या ओल्या मातीने साल कुजते. याच्या उलट, जमीन खरवडून सपाट केली, तर वरच्या एक फुटातील शोषक मुळे मातीबरोबर ट्रकमध्ये भरून जातात.

चौथी इजा रसायनांची. मिक्सर धुतलेले पाणी, चुना, रंग, जनरेटरचे डिझेल ही सर्व झाडाच्या आळ्यात ओतली जातात, कारण पाणी मुरण्याची तीच एक जागा उरलेली असते. सिमेंटचे पाणी मातीला क्षारधर्मी करते. मग मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

पाचवी इजा खोडाची. सालीच्या आत लगेच अन्न वाहून नेणारा थर असतो आणि त्याखाली वाढीचा जिवंत थर. यंत्राचा धक्का, फलकासाठी ठोकलेले खिळे, परांची आवळण्यासाठी बांधलेली तार यांमुळे हे थर जखमी होतात. तार पूर्ण घेर आवळून राहिली, तर खालच्या मुळांकडे अन्न जाणेच बंद होते.

या पाचही गोष्टींत कुऱ्हाड कोठेही नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. झाड मारण्याचा कोणाचा हेतूही नाही. म्हणूनच यावरचा उपायही हेतूपेक्षा नियोजनाचा आहे, आणि नियोजन वेळेवर व्हावे लागते.

वेळेवर म्हणजे केव्हा? वास्तुविशारदाने पहिली रेघ ओढण्यापूर्वी. आज बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. आधी इमारतीचा आराखडा पूर्ण होतो, मग त्यात कोणती झाडे 'अडथळा' ठरतात, हे पाहिले जाते. तोपर्यंत पुष्कळ खर्च झालेला असतो आणि कोणी मागे फिरू शकत नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की निविदा काढण्यापूर्वीच संस्थेने आपल्या आवारातील झाडांची एक नोंदवही तयार करावी.

या नोंदवहीत काय असावे? प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, पण क्रमांकाची पट्टी सैल दोरीने बांधावी, खिळ्याने ठोकू नये. झाडाचे नाव, उंची, चारही दिशांना फांद्यांचा पसारा आणि खोडाचा घेर लिहावा. घेर जमिनीपासून साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर उंचीवर मोजण्याचा प्रघात आहे. बुंध्यापाशी जमिनीची पातळी काय आहे, तेही नोंदवावे. पुढे भराव किती पडला, हे त्यावरूनच कळते. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक झाडाचे नेमके स्थान मोजणीच्या नकाशावर दाखवावे. वयाची नोंद मात्र टेपने होत नाही. आपल्याकडील अनेक वृक्षांत वर्षवलये स्पष्ट नसतात आणि केवळ घेरावरून काढलेले वय फसवे ठरते. यासाठी ज्येष्ठ सभासदांना विचारावे आणि जुनी छायाचित्रे पाहावीत. हे झाड कोणी व कोणत्या वर्षी लावले, हे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांचे सांगणे लिहून घ्यावे.

यानंतर प्रकृतीची परीक्षा. पर्णसंभार दाट आहे की विरळ? शेंडा वाळतो आहे का? खोडात ढोली आहे का आणि ती किती मोठी आहे? बुंध्याशी फळीसारखी कडक अळंबी उगवली आहे का? तशी असेल, तर आतील लाकूड किंवा मुळे कुजत असण्याची शक्यता मोठी असते. दोन जाड फांद्या इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढल्या असतील आणि मध्ये साल दबली असेल, तर तो सांधा दुबळा असतो. झाड कललेले असल्यास तो कल जुना आहे की नवा? वर्षानुवर्षे कललेले झाड स्वतःला सावरून घेते. परंतु अलीकडे कललेल्या झाडाच्या पायथ्याशी जमीन उचललेली किंवा भेगाळलेली दिसली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. ही परीक्षा जाणकार वनस्पतितज्ज्ञ किंवा उद्यानतज्ज्ञ यांच्याकडूनच करून घ्यावी. वास्तुविशारदाचे व आर.सी.सी. सल्लागाराचे शुल्क आपण देतो, तसेच हेही द्यावे.

या परीक्षेतून झाडांचे तीन गट पडतील. काही झाडे कोणत्याही परिस्थितीत राखायची, काही आराखड्यात थोडा बदल करून राखता येतील अशी, आणि काही राखणे हिताचे नाही अशी. या तिसऱ्या गटाविषयी मी स्पष्ट बोलतो. वृक्षप्रेम म्हणजे प्रत्येक झाड वाचवण्याचा हट्ट नव्हे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. बुंधा पोखरलेला जुना गुलमोहर मुलांच्या खेळण्याच्या जागेवर राखण्याचा आग्रह धरणे शहाणपणाचे नाही. सुबाभळीच्या गर्दीसाठी चिंचेची जागा कमी करणे हेही योग्य नाही. सर्वच झाडे राखा म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. 'वीस झाडांतील ही सात झाडे आम्हाला हवीतच' असे कारणांसह म्हणणाऱ्याचे ऐकावे लागते.

आता ही सात झाडे राखायची, म्हणजे त्यांच्याभोवतीची किती जमीन राखायची? यासाठी एक सोपा हिशेब आहे. बांधकामातील वृक्षांविषयी ब्रिटनमध्ये ५८३७ क्रमांकाचे एक मानक आहे आणि त्याची २०१२ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे. त्यानुसार एका खोडाच्या झाडासाठी खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ हे मूळ-संरक्षण क्षेत्र मानले जाते. तेथे खोड दीड मीटर उंचीवर मोजतात. आपल्या मोजणीशी त्याचा फरक किरकोळ आहे. समजा, एका कडुनिंबाचा घेर १८८ सेंटिमीटर आहे. त्याला ३.१४ ने भागले की व्यास सुमारे ६० सेंटिमीटर येतो. त्याची बारापट म्हणजे ७.२ मीटर. इतक्या त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १६३ चौरस मीटर, म्हणजे साधारण १७५० चौरस फूट होते. आकडा ऐकून छाती दडपते, हे मी जाणतो. मात्र वर्तुळ हट्टाने पाळलेच पाहिजे असे नाही. एका बाजूने थोडी जागा घ्यावी लागली, तर तेवढीच मोकळी जमीन दुसऱ्या बाजूने झाडाला द्यावी. आणि ही जागा वाया जात नाही. नियमाप्रमाणे सोडावे लागणारे सामासिक अंतर, मोकळी जागा, ज्येष्ठांसाठीची बाग हे सर्व कोठेतरी ठेवायचेच असते. ते झाडांच्या बाजूला ठेवावे, एवढेच सांगणे आहे.

आजच्या पुनर्विकासात झाडांना सर्वांत मोठा धोका तळघरातील वाहनतळाचा आहे. इमारत मागे सरकलेली दिसते, पण जमिनीखाली वाहनतळ सीमाभिंतीजवळ पोचलेला असतो. वरून झाड 'राखलेले', खालून मात्र भिंतीत कोंडलेले. म्हणून नकाशा पाहताना केवळ तळमजल्याचा पाहू नये. तळघराचा नकाशा मागावा आणि त्यावर झाडांची वर्तुळे काढायला लावावीत. रॅम्प दुसऱ्या बाजूला नेणे, तळघराचा एक कोपरा कापणे, खोदकामाची बाजू उतरती न ठेवता आधारभिंत घालून सरळ उभी ठेवणे, असे मार्ग असतात. कागदावर हे बदल फारसे खर्चाचे नसतात. खड्डा खणल्यावर ते कोणत्याही किमतीला होत नाहीत.

प्रत्यक्ष काम सुरू होताना पहिले यंत्र आवारात येण्यापूर्वी झाडांची कुंपणे उभी राहिली पाहिजेत. जुनी इमारत पाडण्याच्याही आधी, कारण पाडकामात मोठी हानी होते. कुंपण बुंध्याला गोणपाट गुंडाळल्यासारखे नको. ते मूळ-संरक्षण क्षेत्राच्या कडेने, खांब रोवून, सहा फूट उंच पत्र्यांचे असावे. साइटला चहूबाजूंनी पत्रे लागतातच, त्यांत थोडी भर पडेल. मजुरांना वाचता येईल अशा मराठीत आणि हिंदीत फलक लावावा : 'या कुंपणाच्या आत सामान ठेवू नये, वाहन नेऊ नये, पाणी ओतू नये, खणू नये.' मजुरांसाठी सावलीची दुसरी जागा आणि मिक्सर धुण्यासाठी वेगळा खड्डा आधीच आखून द्यावा. पर्याय दिल्याशिवाय मनाई पाळली जात नाही.

झाडाजवळून वाहने नेण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर जमिनीवर फांद्यांचा भुगा किंवा वाळका पालापाचोळा अर्धा ते एक फूट जाडीने पसरून त्यावर फळ्या टाकाव्यात. चर नेणे अटळ असेल, तर मुळांच्या क्षेत्रात यंत्र न लावता हाताने खणावे आणि नळ मोठ्या मुळांच्या खालून न्यावा. अंगठ्याहून जाड मूळ तज्ज्ञाला विचारल्याशिवाय कापू नये. कापावेच लागले, तर जेसीबीच्या दातांनी ओरबाडू न देता करवतीने स्वच्छ कापावे, ओल्या गोणपाटाने झाकावे आणि शक्य तितक्या लवकर मातीआड करावे. खोदकामातील पाणी सतत उपसले जात असेल, तर आसपासची ओल कमी होते. अशा वेळी उन्हाळ्यात झाडांना पाणी घालावे. बांधकामाला टँकर येतात, त्यातला थोडा वाटा झाडांचा.

फांद्यांविषयी थोडेसे. क्रेनला किंवा परांचीला अडणारी फांदी काढावी लागते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ डॉ. ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून अभ्यासली. माणसाची जखम भरून येते, तशी झाडाची येत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. झाड जखमी भाग आतून बंदिस्त करते आणि नवे लाकूड त्याच्याभोवती वाढवते. फांदी जेथे खोडाला मिळते, तेथे एक फुगीर कडे असते. या कड्यातच बंदिस्त करण्याची शक्ती असते. फांदी त्या कड्याच्या किंचित बाहेर कापावी. खोडाशी सपाट कापू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. वर डांबर किंवा रंग फासल्याने काही लाभ नाही. शेंडा कापून झाडाला छत्रीसारखे 'आटोपशीर' करणे तर टाळावेच. तेथून फुटणाऱ्या नव्या फांद्या दुबळ्या जोडाच्या असतात आणि काही वर्षांनी त्याच मोडून पडतात.

वडाच्या बाबतीत आणखी एक काळजी. त्याच्या पारंब्या जमिनीला टेकून खोड बनतात आणि वृक्षाला आधार देतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील सुप्रसिद्ध महावटवृक्षाचे मूळ खोड बुरशीने ग्रासल्यामुळे १९२५ मध्ये काढावे लागले. तरीही तो वृक्ष पारंब्यांच्या बळावर आजही उभा आहे. आपण मात्र पारंब्या अडतात म्हणून कापतो आणि खाली पेव्हर ब्लॉक घालतो. मग तोल गेलेला वड पडला की वडाला दोष देतो.

इमारत पूर्ण झाल्यावर शेवटचा धोका सुशोभीकरणाचा. सर्व काम व्यवस्थित पार पडते आणि अखेरीस बुंध्यापर्यंत फरशी बसवली जाते. दिल्लीतील झाडांच्या संदर्भात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. एक मीटर ही किमान मर्यादा समजावी. जितकी माती मोकळी, तितके बरे. पाने उचलून कचऱ्यात न देता त्याच आळ्यात पसरावीत. झाडाला त्याहून चांगले खत नाही.

कायद्याची बाजूही आपण जाणून घ्यावी. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी झाडांचे संरक्षण व जतन करणारा अधिनियम १९७५ पासून आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणे असतात, दर पाच वर्षांनी वृक्षगणना अपेक्षित असते आणि झाड तोडण्याच्या अर्जाची जाहीर सूचना झाडावर तसेच वृत्तपत्रात द्यावी लागते. या कायद्यात 'झाड तोडणे' याच्या अर्थात जाळणे, कापणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोचवणे हे सर्व येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' मानण्याची संकल्पना आली आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्वही आले. ज्या ट्रस्टची पन्नास वर्षे आपण आज साजरी करीत आहोत, त्याच्या स्थापनेच्या सुमारास लावलेली रोपे आज या व्याख्येत बसतात.

'तोडू आणि बदल्यात दुसरी लावू' किंवा 'उचलून दुसरीकडे लावू' असे दोन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. पुनर्रोपण अशक्य नाही. नारळासारखी झाडे ते सहज सोसतात आणि वड-पिंपळाच्या कुळातील झाडेही पुष्कळदा जगतात. परंतु एक फूट व्यासाच्या झाडाबरोबर खोडाच्या दहापट रुंदीचा मातीचा गोळा उचलायचा, म्हणजे तो दहा फुटांचा आणि दहा टनांच्या आसपास वजनाचा होतो. त्याआधी काही महिने टप्प्याटप्प्याने मुळे तोडून तयारी करावी लागते आणि नंतर दोन-तीन वर्षे निगा राखावी लागते. एका रात्रीत यंत्राने उपटून दुसऱ्या खड्ड्यात उभे केलेले झाड बहुधा वाळते. नवी रोपे जरूर लावावीत. परंतु आपल्या अंगणातील सावली जाऊन शहराबाहेरच्या टेकडीवर पन्नास रोपे लागली, तर या अंगणात दुपारी बसणाऱ्या आजी-आजोबांना त्यांचा काय उपयोग?

आपण व्यवहार जाणणारा समाज आहोत, म्हणून खर्चाचा प्रश्न टाळत नाही. सर्वेक्षण, कुंपण आणि देखरेख यांचा खर्च संपूर्ण प्रकल्पाच्या तुलनेत नगण्य असतो. खरी किंमत मोजावी लागते ती आराखड्यातील लवचिकतेची. एखादा वाहनतळ कमी होईल, एखादी खोली थोडी सरकेल. ती किंमत द्यायची की नाही, हे सभासदांनी ठरवावे. पण विचारपूर्वक ठरवावे, नकळत ठरून जाऊ नये.

आपल्या परंपरेत या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी आहे. वनस्पतीला आपण एकेंद्रिय जीव मानतो. गृहस्थाला घर बांधताना सर्व हिंसा टाळता येत नाही, हेही आपल्या आचार्यांनी जाणले होते. म्हणूनच श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरमणाचे व्रत आले. प्रयोजनावाचून होणारी हिंसा तेवढी टाळावी, असे ते सांगते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात निष्कारण जमीन खणणे आणि वनस्पती तोडणे यांची गणना प्रमादचर्येत केली आहे. पायाच्या जागी उभे असलेले झाड परवानगी घेऊन तोडणे हा एक भाग झाला. पण जे राखायचे ठरवले, ते मिक्सरच्या पाण्याने आणि डंपरच्या चाकाने मेले, तर त्यात कोणाचे कोणते प्रयोजन साधले? यालाच प्रमाद म्हणतात. पाणी गाळून पिण्याची यतना आपल्या घराघरांत आहे. तीच यतना साइटच्या पत्र्यांआडही पोचावी.

शेवटी तीन निश्चित सूचना करतो. ज्यांच्या संस्थांचा पुनर्विकास होऊ घातला आहे, त्यांनी पुढच्याच सर्वसाधारण सभेत त्या ठरावाच्या रूपाने मांडाव्यात. पहिली, निविदेपूर्वी तज्ज्ञाकडून वृक्ष-नोंदवही तयार करावी आणि ती निविदेचा भाग करावी. दुसरी, राखायच्या झाडांची संरक्षण-क्षेत्रे तळघरासह प्रत्येक नकाशावर दाखवल्याशिवाय नकाशाला संमती देऊ नये. तिसरी, विकसकाशी होणाऱ्या करारात कुंपणाची, देखरेखीची आणि नुकसानभरपाईची कलमे असावीत. ठेवीची काही रक्कम ताबा मिळाल्यानंतर तीन पावसाळे राखून ठेवावी आणि झाडे जोमदार आहेत असा तज्ज्ञाचा दाखला मिळाल्यावरच ती मोकळी करावी. झाडाला मरायला काही वर्षे लागतात, म्हणून जबाबदारीही काही वर्षे टिकली पाहिजे.

युवक मंडळाला माझी विनंती आहे की या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांनी टेप, वही आणि कॅमेरा घेऊन आपल्या सभासदांच्या आवारांतील झाडांची नोंद सुरू करावी. ज्येष्ठांना विचारून वये लिहून घ्यावीत. तज्ज्ञाची तपासणी त्यानंतर होईल, पण नोंद आजच सुरू होऊ शकते. करारावर सह्या होण्यापूर्वी ती वही सभेच्या टेबलावर असावी.